ब्लेड बदलता येणारा वस्तरा कसा निवडावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्याच्या घरी मी गेली बारा वर्षे ब्लेड बदलता येणाऱ्या वस्तऱ्याने दाढी करतो. सोसायटीतले शेजारी, कचेरीतले सहकारी आणि वाशी-नेरूळचे नातेवाईक या वस्तऱ्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. बहुतेकांची सुरुवात मूठ कशी दिसते, धातू कोणता आणि किंमत किती या चौकशीने होते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी ब्लेडचे माप ठरवावे, मग ते ब्लेड घट्ट धरणारी पकड पाहावी आणि मूठ सर्वांत शेवटी पसंत करावी.

हा वस्तरा पारंपरिक वस्तऱ्याहून वेगळा कसा?

पूर्वी न्हाव्याच्या धोकटीत असे तो वस्तरा म्हणजे पोलादाचे एक अखंड पाते होते. त्याची पाठ जाड आणि धार पातळ असे. ती सहाणेवर लावावी लागे आणि प्रत्येक दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून जिवंत ठेवावी लागे. ब्लेड बदलता येणाऱ्या वस्तऱ्याला स्वतःची धारच नसते. तो फक्त एक मूठ आणि एक पकड असतो. धार ब्लेडची, आणि ब्लेड बोथट झाले की ते काढून नवे बसवायचे. जर्मनीतील झोलिंगेन येथील डोव्हो या कंपनीने आपल्या अशा वस्तऱ्याला ‘शॅव्हेट’ हे नाव दिले आणि पुढे जगभर या साऱ्या प्रकारालाच लोक शॅव्हेट म्हणू लागले. आपल्याकडे मात्र सलूनमध्ये आजही त्याला वस्तराच म्हणतात.

एक फरक विकत घेण्यापूर्वीच ध्यानात असावा. पारंपरिक वस्तऱ्याचे पाते रुंद आणि वजनदार असल्याने ते गालावर स्थिर बसते आणि हाताची थोडी चूक पोटात घालते. कारखान्यातून आलेले नवे ब्लेड त्याहून पातळ, अधिक तीक्ष्ण आणि हलके असते, शिवाय त्याचे दोन्ही कोपरे टोकदार असतात. त्यामुळे पारंपरिक वस्तऱ्यावर हात बसलेला माणूसदेखील पहिल्या आठवड्यात यावर एखाददुसरा काप घेऊन बसतो. हा वस्तरा म्हणजे शिकाऊ माणसासाठी सोपा केलेला प्रकार, हा समज सोडून द्यावा.

सेफ्टी रेझर हाताशी असताना हा घ्यावाच का?

सकाळी ठाणे स्थानकावरून सातची लोकल पकडायची असेल आणि दाढीला पाचच मिनिटे मिळत असतील, तर घेऊ नये. ज्यांना कल्ल्यांची रेघ सरळ हवी असते, कोरलेली दाढी किंवा मिशी राखायची असते, त्यांना मात्र याच्याइतके उपयोगी दुसरे साधन नाही, कारण धार नेमकी कुठे टेकली आहे हे डोळ्यांना दिसत राहते. चार दिवसांची वाढलेली दाढीही यात अडकत नाही. आणि ज्यांना हे काम सावकाश, लक्षपूर्वक करायला आवडते त्यांच्यासाठी तेवढे एक कारणही पुरेसे आहे. माझे कारण तेच आहे.

निवड कुठून सुरू करावी?

ब्लेडपासून. बाजारात मिळणाऱ्या वस्तऱ्यांचे मुख्यतः दोन वर्ग पडतात आणि एका वर्गाचे ब्लेड दुसऱ्यात बसत नाही. वस्तरा एकदाच घ्यायचा असतो, ब्लेड वर्षानुवर्षे घ्यावे लागते; म्हणून आपल्या जवळच्या दुकानात कोणते ब्लेड नेहमी मिळते, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

पहिला वर्ग अर्ध्या ब्लेडचा. किंग कॅम्प जिलेट यांना अमेरिकेत १९०४ साली ज्या सेफ्टी रेझरचे पेटंट मिळाले, त्यातील दुधारी ब्लेडचेच वंशज आज प्रत्येक वाण्याच्या दुकानात टांगलेले असते. हे ब्लेड साधारण ४३ मिलिमीटर लांब, २२ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असते. ते मधल्या खाचेवर उभे तोडले की ११ मिलिमीटर रुंदीचे दोन तुकडे मिळतात आणि त्यातला एक वस्तऱ्यात बसतो. आपल्याकडच्या जवळजवळ सर्व सलूनमध्ये हेच चालते. ब्लेड दोन-पाच रुपयांना मिळते आणि एका ब्लेडची दोन होतात, हा लाभ उघडच आहे.

दुसरा वर्ग लांब, जाड, एकधारी पात्यांचा. यातील सर्वांत परिचित माप जपानच्या फेदर कंपनीच्या ‘आर्टिस्ट क्लब’ मालिकेचे आहे. या पात्याची जाडी सुमारे पाव मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या ब्लेडच्या अडीचपट असते. गिफू प्रांतातील सेकी हे गाव तलवारींसाठी प्रसिद्ध आहे. त्याच गावात मुळे असलेल्या काई कंपनीची ‘कॅप्टन’ पातीही याच धाटणीची आहेत. जाड पाते वाकत नाही, थरथरत नाही आणि अधिक दिवस टिकते. मात्र एका पात्याची किंमत साध्या ब्लेडच्या कित्येक पट असते आणि ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, मागवावेच लागते.

माझा सल्ला असा की पहिला वस्तरा अर्ध्या ब्लेडचाच घ्यावा. शिकताना ब्लेड वाया जातात आणि पाच रुपयांचे ब्लेड टाकून देताना मन मागे-पुढे होत नाही. महाग पाते मात्र बोथट झाल्यावरही माणूस ‘अजून एकदा’ म्हणून वापरतो आणि कापून घेतो. सहा महिन्यांनी हात बसला आणि आवड टिकली, तर दुसऱ्या वर्गाकडे जावे. ज्यांची त्वचा फारच नाजूक आहे आणि खर्चाची अडचण नाही, त्यांनी पहिल्यापासूनच लांब पात्याचा वस्तरा घेतला तर त्यात काही गैर नाही.

ब्लेड स्वतः तोडावे की तयार अर्धे ब्लेड घ्यावे?

तोडण्याची रीत सोपी आहे. ब्लेड कागदातून बाहेर न काढता, कागदासकट दोन्ही हातांच्या चिमटीत उभे धरून हळूहळू वाकवावे. एक बारीक ‘कट्’ असा आवाज होतो आणि दोन तुकडे कागदातच सुटे होतात. आमच्या गल्लीतले सलूनवाले काका हे काम गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, खाली न पाहता करतात. आपण मात्र खाली पाहून करावे.

खरी अडचण तुटलेल्या जागेची असते. ब्लेडचे दोन भाग टोकांशी ज्या अरुंद पट्टीने जोडलेले असतात, ती तुटताना कधी कधी धातूची सूक्ष्म, खरबरीत कड उभी राहते. डोळ्यांना ती दिसत नाही, पण पकडीत बसवताना तिच्यामुळे ब्लेडचे एक टोक केसभर वर राहते. दाढी करताना तेच टोक त्वचेत रुतते आणि आपण दोष हाताला देतो. कारखान्यातूनच अर्धी होऊन आलेली ब्लेड शंभरच्या डबीत मिळतात. त्यांत ही खरबरीत कड नसते. नवशिक्याने निदान पहिली डबी तशीच घ्यावी.

पकड चांगली आहे हे कसे ओळखावे?

या साऱ्या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि दुकानात तो सर्वांत कमी विचारला जातो. अर्धे ब्लेड इतके पातळ असते की त्याला स्वतःचा कणा नसतो. त्याला ताठ ठेवण्याचे काम पकडीचे. पकड धारेच्या जितकी जवळ येऊन ब्लेड दाबते तितके ते स्थिर राहते, आणि ती ढिली असली तर राठ केसांवर ब्लेड थरथरते व केस कापण्याऐवजी ओढते. धार जरुरीपेक्षा जास्त बाहेर राहिली तर ब्लेड लवते आणि फारच आत गेली तर कोन साधत नाही.

माझ्याच चुकीची गोष्ट सांगतो. पहिला वस्तरा मी लाकडी मूठ पाहून मागवला होता. शिसवीसारखी गडद मूठ, पितळी खिळे, सुंदर पेटी. तिसऱ्या दाढीत उजव्या कानाखाली, जबड्याच्या हाडावर, एक आडवा काप गेला आणि रक्त थांबायला बराच वेळ लागला. वस्तरा धुऊन ट्यूबलाइटच्या उजेडात धरला तेव्हा दिसले की पकडीच्या दोन पट्ट्या मुठीकडे घट्ट मिटत होत्या, पण टोकाकडे त्यांच्यात फट राहत होती आणि त्या फटीतून ब्लेडचा कोपरा अर्धा मिलिमीटर पुढे सरकला होता. मूठ अजूनही माझ्या कपाटात आहे आणि खूणही जबड्यावर आहे.

म्हणून वस्तरा हाती आला की दाढीआधी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ब्लेड बसवून वस्तरा उजेडासमोर आडवा धरावा आणि धारेची रेघ व पकडीची कड एकमेकींना समांतर आहेत का ते पाहावे. एका टोकाला अंतर जास्त दिसले तर ब्लेड काढून पुन्हा बसवावे, आणि तरीही तसेच दिसले तर वस्तरा परत करावा. दुसरी, आगकाडीच्या टोकाने ब्लेडच्या दोन्ही टोकांना हलकेच ढकलून पाहावे (बोटाने कधीही नाही); ब्लेड सरकता कामा नये. तिसरी, पकड मिटल्यावर ती धरून ठेवणारी कडी किंवा खटका आपोआप सुटत नाही ना, हे दहा-बारा वेळा उघडझाप करून पाहावे.

पकडींचे प्रकार अनेक आहेत. दोन झडपा उघडून मध्ये ब्लेड ठेवायचे आणि मग त्या मिटून कडी लावायची, ही रचना सर्वांत जास्त दिसते. ती धुवायला सोपी असते, पण स्वस्त मालात झडपा वेड्यावाकड्या असण्याची शक्यता असते. सरकत्या खणाच्या रचनेत एक पट्टी बाहेर ओढून तिच्यातील बारीक खुंट्यांवर ब्लेड ठेवतात आणि पट्टी पुन्हा आत सरकवतात. यात ब्लेड हलायला जागाच राहत नाही आणि अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्यांत ती मला सर्वांत भरवशाची वाटते. प्लास्टिकच्या खाचेत ब्लेड ढकलून बसवण्याचा प्रकार हलका आणि स्वस्त असतो, मात्र प्लास्टिक कालांतराने सैल होते. लांब पात्यांच्या वस्तऱ्यात पाते धातूच्या दोन ओठांमध्ये सरकवले जाते आणि त्याच्या जाडीमुळे ते तसेच ताठ राहते; पकडीची चिंता तेथे जवळजवळ संपते, आणि खरे पाहता त्या वस्तऱ्याच्या किमतीतला बराच भाग या निश्चिंतीचा असतो.

धातू आणि वजनाला किती महत्त्व द्यावे?

पकडीपुढे फारच थोडे. स्टेनलेस स्टील घ्यावे, कारण आपल्या हवेत तेच टिकते. मुलामा दिलेल्या मिश्रधातूचे टवके उडाले की आतून गंज धरतो. वजन फार हलके नसावे. थोडा भार असला की दाबण्याचा मोह होत नाही. वस्तरा उघडून बिजागरीजवळ एका बोटावर तोलून पाहावा आणि तो फार पुढे किंवा मागे झुकत नसला तर हातात बरा बसतो.

घडीचा घ्यावा की सरळ मुठीचा?

घडीच्या वस्तऱ्याची मूठ मिटली की धार आत जाते, त्यामुळे तो ठेवायला सुरक्षित. जपानी धाटणीचा सरळ वस्तरा पेनासारखा धरता येतो आणि नवशिक्याच्या हातात लवकर बसतो, पण धार सदैव उघडी राहते, म्हणून घरात लहान मुले असतील तर घडीचाच घ्यावा. डावखुऱ्या व्यक्तींनाही सरळ मूठ सोयीची पडते, कारण तिला उजवी-डावी बाजू नसते.

माझी दाढी राठ आहे. भावाची त्वचा नाजूक आहे. दोघांसाठी एकच वस्तरा चालेल का?

प्रकार एकच चालेल. वस्तू मात्र एकच चालणार नाही. हिपॅटायटिस बी या रोगाचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस टिकून राहू शकतो आणि न दिसणाऱ्या ओरखड्यातूनही तो शिरू शकतो. ब्लेड बदलले तरी पकडीच्या सांदीत साबणाबरोबर रक्ताचा अंश अडकून राहू शकतो. भाऊ, वडील, मुलगा, कोणीही असो. प्रत्येकाचा वस्तरा वेगळा असावा.

आता केसांविषयी. राठ आणि दाट दाढीला ताठ ब्लेड लागते, म्हणून घट्ट पकडीचा अर्ध्या ब्लेडचा वस्तरा किंवा थेट लांब पात्यांचा वर्ग पाहावा. नाजूक त्वचेसाठी लांब पात्यांच्या वर्गात काही सौम्य प्रकार मिळतात: फेदरच्या मालिकेत ‘प्रोगार्ड’ या पात्याच्या धारेवर बारीक संरक्षक असतो आणि ‘प्रोफेशनल लाइट’ हे पाते नेहमीच्यापेक्षा सौम्य मानले जाते. ज्यांचे केस कुरळे आहेत आणि दाढीनंतर मानेवर पुटकुळ्या येतात, त्यांचा त्रास बहुधा कापलेला केस वळून पुन्हा त्वचेत शिरल्याने होतो. त्यावर अधिक तीक्ष्ण वस्तरा हा उपाय नाही. उलटा हात मारणे थांबवावे, केस मुळाशी कापण्याचा हट्ट सोडावा आणि त्रास वाढला तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

ब्लेड कोणत्या कंपनीचे घ्यावे?

ठाणेकरांना यात एक आपुलकीचा धागा सापडेल. तीन हात नाक्याजवळच्या विद्युत मेटॅलिक्समध्ये तयार होणारी सुपरमॅक्सची ब्लेड अनेक देशांत जात असत, आणि त्या कारखान्यात नोकरी केलेला एखादा तरी माणूस जुन्या ठाण्यातल्या पुष्कळ घरांच्या ओळखीत असतो.

निवडीपुरते इतके जाणावे की सर्वांत तीक्ष्ण ब्लेड हे सर्वांत चांगले असतेच असे नाही. ब्लेडच्या धारेवर क्रोमियम, प्लॅटिनम यांचा सूक्ष्म थर आणि त्यावर घसरणाऱ्या प्लास्टिकचा लेप दिलेला असतो. धार त्वचेवरून किती मऊपणे सरकते हे बरेचसे त्या लेपावर ठरते. फेदरचे पिवळ्या वेष्टनातले दुधारी ब्लेड अतिशय तीक्ष्ण म्हणून ओळखले जाते आणि नवशिक्याने त्यापासून सुरुवात करू नये. तीन-चार कंपन्यांची पाच-पाच ब्लेड आणावीत, प्रत्येक कंपनीच्या ब्लेडने निदान तीन दाढ्या कराव्यात आणि मगच ठरवावे. वस्तरा, साबण आणि ब्लेड एकाच दिवशी बदलले तर सुधारणा कशामुळे झाली हे कधीच कळत नाही.

पहिली दाढी कशी करावी?

सुट्टीच्या दिवशी आणि फक्त दोन्ही गालांवर. हनुवटी, ओठावरचा भाग आणि गळा पहिले दोन आठवडे सेफ्टी रेझरने करावा. दाढी दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने भिजवावी, कारण पाणी शोषलेला केस बराच मऊ होतो. फेस दाट असावा आणि तो चेहऱ्यावर सुकू देऊ नये. मोकळ्या हाताने त्वचा वरच्या बाजूला ताणावी, धार त्वचेशी सुमारे तीस अंशांचा कोन करील अशी टेकवावी आणि केसांच्या दिशेने छोटे-छोटे हात घ्यावेत. कोन बरोबर असला की बारीक ‘खर्र खर्र’ असा एकसारखा आवाज येतो. आवाज बंद झाला तर वस्तरा फार आडवा पडला आहे, आणि त्वचा ओढल्यासारखी वाटली तर फार उभा झाला आहे. धार टेकलेली असताना वस्तरा धारेच्या दिशेत आडवा कधीही सरकवू नये. सुरी अशीच चालते आणि बहुतेक खोल काप याच एका चुकीने जातात.

ब्लेडच्या टोकाकडे शेवटपर्यंत लक्ष असावे. नाकाखाली आणि कानाजवळ धारेचा मधला भाग नव्हे तर कोपरा आधी टेकतो.

फेसच नीट होत नाही. दोष साबणाचा की ब्रशचा?

बहुधा पाण्याचा. घोडबंदर रस्त्यावरच्या अनेक सोसायट्यांत टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी येते आणि अशा जड पाण्यात साबणाचा फेस न होता पांढुरका साका बनतो. नवी मुंबईत मोरबे धरणाचे पाणी येते तेथे ही तक्रार सहसा ऐकू येत नाही. जड पाणी असेल तर दाढीपुरते एक वाटी पिण्याचे गाळलेले पाणी वेगळे घ्यावे, किंवा साबणाऐवजी चांगले क्रीम वापरावे. फेस पातळ असताना वस्तरा चालवण्यापेक्षा त्या दिवशी दाढी न केलेली बरी.

कापले तर काय करावे?

स्वच्छ कापडाने दोन-तीन मिनिटे सतत दाबून धरावे. दर दहा सेकंदांनी उचलून पाहिले तर रक्त थांबत नाही. नंतर ओली तुरटी हलकेच फिरवावी, ती बारीक ओरखड्यांचे रक्त थांबवते. तुरटीचा खडाही स्वतःचा वेगळा ठेवावा. दहा-पंधरा मिनिटांत रक्त थांबले नाही किंवा काप उघडा राहिला, तर डॉक्टरांकडे जावे.

हा वस्तरा कोणी वापरू नये?

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, हाताला कंप असणाऱ्यांनी, जखम बरी व्हायला वेळ लागतो अशा मधुमेहींनी, आणि काप गेल्यावर जाड, फुगीर वण उठतो अशा त्वचेच्या लोकांनी. चेहऱ्यावर मुरुमे पिकलेली असताना कोणीच वापरू नये. आमच्या एका वडीलधाऱ्या नातेवाइकांना वस्तऱ्याची हौस होती आणि त्यांना ‘नको’ म्हणणे मला फार जड गेले. तरीही म्हटले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा म्हणेन.

एक ब्लेड किती दिवस पुरते?

अर्धे ब्लेड दोन ते चार दाढ्या, राठ केस असतील तर दोनच. लांब पाते दहाच्या आसपास. केस ओढला जाऊ लागला की आकडे मोजत बसू नये, ब्लेड बदलावे.

पावसाळ्यात गंजापासून वस्तरा कसा जपावा?

जून ते सप्टेंबर आपल्याकडे न्हाणीघर कधी कोरडे होतच नाही आणि खाडीकाठच्या हवेत खार असतो. दाढी झाल्यावर ब्लेड काढावे, पकड वाहत्या पाण्याखाली उघडून धुवावी, कोरड्या कापडाने टिपावी आणि वस्तरा उघडाच न्हाणीघराबाहेर ठेवावा. आठवड्यातून एकदा पकडीच्या सांदी जुन्या दातांच्या ब्रशने साफ कराव्यात आणि बिजागरीवर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा. ब्लेडची धार पुसू नये. पुसताना लेप निघतो आणि बोटही कापते.

सलूनमध्ये दाढी करताना काय पाहावे?

नवे ब्लेड आपल्यासमोर कागदातून काढले जात आहे, एवढे पाहावेच. त्याचबरोबर पकड आधीच्या दाढीनंतर धुऊन स्पिरिटने पुसली आहे का, हेही नम्रपणे विचारावे. एड्सविषयीच्या जनजागृतीनंतर सलूनमधून पारंपरिक वस्तरा मागे पडून हा वस्तरा आला तो रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या भीतीने. ब्लेड तेच ठेवून फक्त वस्तरा पाण्यात बुडवला तर या बदलाचा काहीच उपयोग राहत नाही. चांगले कारागीर असे विचारल्याचा राग मानत नाहीत. आमचे काका तर ब्लेडचा कागद मुद्दाम आरशापुढे ठेवतात.

कुठे घ्यावा?

शक्य असेल तर सलूनचे सामान विकणाऱ्या दुकानातून, कारण तेथे वस्तरा हातात घेऊन, ब्लेड बसवून पाहता येतो. आपले ब्लेड सोबत न्यावे आणि एकाच प्रकारचे दोन-तीन नग उघडून पाहावेत. एकाच पेटीतल्या दोन वस्तऱ्यांच्या पकडीत फरक निघतो, हे मी स्वतः पाहिले आहे. स्टीलचा कामचलाऊ वस्तरा काही शे रुपयांत मिळतो. ऑनलाइन घ्यायचा तर परत करण्याची मुदत पाहून घ्यावा आणि वर सांगितलेली तीन प्रकारची पाहणी त्या मुदतीतच उरकावी.

विमानप्रवासात नेता येतो का?

मुंबईचा विमानतळ असो की नवी मुंबईचा नवा, ब्लेड किंवा वस्तरा हातातल्या सामानात चालत नाही. तो चेक-इन करायच्या बॅगेत ठेवावा आणि ब्लेड काढून त्याच्या डबीत ठेवावे, म्हणजे बॅग तपासणाऱ्याचा हात कापणार नाही.

वापरलेली ब्लेड कुठे टाकावीत?

ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात सुटी टाकू नयेत. कागदात गुंडाळून टाकली तरी कागद भिजतो आणि कचरा हाताने वेगळा करणाऱ्या कामगाराच्या बोटात ब्लेड शिरते. हातमोजे पातळ असतात आणि ते सगळ्यांना मिळतातच असेही नाही. पावडरचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यावा, झाकण चिकटपट्टीने कायमचे बंद करावे आणि त्यावर ब्लेड जाईल एवढीच चीर पाडावी. अर्धी ब्लेड इतकी लहान असतात की असा एक डबा वर्षानुवर्षे पुरतो. तो भरला की चीरही बंद करून वर मराठीत आणि हिंदीत ठळक अक्षरांत ‘धारदार ब्लेड’ असे लिहावे आणि घंटागाडी येईल तेव्हा आत काय आहे ते सांगून डबा वेगळा हातात द्यावा.